ऑक्सिमीटर उलटा धरला की ८६ चे ९८ होतात

बोटाला लावायच्या बहुतेक ऑक्सिमीटरवर इंग्रजी आकडे असतात, तेही डिजिटल घड्याळासारखे, सरळ रेघांचे. रुग्णाच्या समोर बसून पडदा बघितला तर तो आपल्याला उलटा दिसतो, आणि तेव्हा ८६ हा आकडा चक्क ९८ वाचला जातो. ६६ चे ९९ होतात. ९६ मात्र कसंही धरलं तरी ९६च. म्हणजे ज्याला उचलून दवाखान्यात न्यायला हवं, त्याला "मस्त आहे की ऑक्सिजन" म्हणून घरी झोपवून ठेवलं जाऊ शकतं, आणि यंत्राची त्यात काही चूक नसते. बऱ्याच यंत्रांत चालू करायचं बटण पुन्हा दाबलं की आकड्यांची दिशा फिरते. ते जमत नसेल तर रुग्णाच्या शेजारी, त्याच्याच बाजूला तोंड करून बसायचं.

दुसरी गल्लत दोन आकड्यांची. टक्क्याचं चिन्ह किंवा ‘एसपीओटू’ लिहिलेलं असतं तो सॅचुरेशनचा, म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती टक्के भरलाय त्याचा, आकडा. ‘पीआर’ किंवा ‘बीपीएम’ लिहिलेला नाडीच्या ठोक्यांचा. तापात नाडी ९७ आणि सॅचुरेशन ८८ असेल, तर घाईत फोनवर "सत्त्याण्णव आहे" असं सांगितलं जातं. दोन्ही आकडे नावासकट सांगायची सवय लावून घ्या.

आता मोजायचं कसं ते. आधी पाच मिनिटं शांत बसू द्या. हात टेबलावर किंवा उशीवर, साधारण छातीच्या उंचीला टेकलेला. बोटं गार असतील तर चोळून किंवा कोमट पाण्यात धरून गरम करा. गार बोटात रक्तच कमी पोचतं. तर्जनी किंवा मधलं बोट, नख वर, क्लिपच्या आतल्या भिंतीला टेकेपर्यंत आत. नेलपॉलिश काढा, विशेषतः काळं, निळं, हिरवं. पेरांवर गडद काळपट मेंदी असेल तर कोरं बोट शोधा, नाहीतर पायाचं बोट. त्याच दंडाला बीपीचा पट्टा लावलेला नको, कारण पट्टा फुगला की बोटातली नाडीच बंद होते. उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली मोजत असाल तर हातावर रुमाल टाका. मग बोलायचं नाही, बोट हलवायचं नाही, आणि पहिल्या दहा सेकंदांत दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. अर्धं ते एक मिनिट थांबा, आणि निदान पाच सेकंद न हलणारा आकडा लिहून घ्या.

लिहिण्याआधी एक ताळा करा. रुग्णाच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजा. यंत्र ७२ ठोके दाखवतंय आणि हाताला ११० लागतायत, तर वरचं सॅचुरेशनही बाद. यंत्राला नाडी सापडलेलीच नाही. हा ताळा फुकटचा आहे आणि जवळपास कुणीच करत नाही.

नाडीशी एवढं नातं का, ते क्लिप उघडून बघितलं की कळतं. बहुतेक यंत्रांत वरच्या जबड्यात दोन बारीक दिवे असतात: एक लाल, ६६० नॅनोमीटरचा, दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा. खालच्या जबड्यात प्रकाश मोजणारा सेन्सर. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश बराचसा जाऊ देतं आणि अवरक्त जास्त शोषतं. ऑक्सिजन सोडून दिलेलं याच्या उलट वागतं. अडचण अशी की बोटात कातडी, नख, हाड, शिरांतलं परतीचं रक्त असं बरंच काही असतं आणि सगळंच थोडाथोडा प्रकाश खातं. जपानच्या निहोन कोडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कानाच्या पाळीतून प्रकाश टाकून वेगळंच काही मोजत होते: हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलतं ते. नाडीची थरथर त्यात सारखी लुडबुड करायची. ती पुसून टाकायच्या खटपटीत त्यांच्या ध्यानात आलं की ठोक्यासरशी कमीजास्त होतो तो प्रकाश फक्त धमनीतल्या ताज्या रक्तामुळे, बाकी सगळं जिथल्या तिथे असतं. १९७४ मध्ये त्यांनी ते तत्त्व मांडलं. आज मेडिकलमध्ये मिळणारी प्रत्येक क्लिप त्याच तत्त्वावर चालते.

सेन्सरपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातला हा थरथरणारा भाग जेमतेम एक-दोन टक्के असतो. काही यंत्रं तो ‘पीआय’ म्हणून दाखवतात. तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली असेल तर सॅचुरेशनच्या आकड्यावर फार विसंबू नका.

८५ या आकड्याचं एक गौडबंगाल आहे. यंत्र शेवटी लाल आणि अवरक्त थरथरीचं गुणोत्तर काढतं आणि आतल्या कोष्टकात बघून टक्केवारी सांगतं. गुणोत्तर एक आलं की कोष्टकातला आकडा साधारण ८५ असतो. हात कापतोय, थंडीने कुडकुडतोय, नाडी अगदी क्षीण आहे, अशा वेळी दोन्ही दिव्यांच्या संदेशात सारखाच गोंगाट मिसळतो, गुणोत्तर एककडे सरकतं आणि पडदा ८५ च्या आसपास घुटमळतो. कुष्ठरोगावरच्या डॅप्सोनसारख्या काही औषधांमुळे रक्तात मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहून नेऊ न शकणारं हिमोग्लोबिन) वाढतं तेव्हाही आकडा ८५ कडे ओढला जातो, आणि ऑक्सिजन लावला तरी हलत नाही. तिथे रक्त काढलं तर चॉकलेटी दिसतं. तेव्हा ८५ वर अडकलेला आकडा दिसला की आधी बोट बदला, हात गरम करा, नाडीचा ताळा घ्या. माणसाला धाप असेल तर मात्र ही चाचपणी गाडीत बसल्यावर करा.

ते कोष्टक तयार होतं निरोगी स्वयंसेवकांवर. त्यांना कमी ऑक्सिजनची हवा देत देत, धमनीतलं रक्त तपासून, आकडे जुळवतात. ७० टक्क्यांच्या खाली कुणाला नेणं माणुसकीला धरून नाही, म्हणून ७० च्या खालचे आकडे अंदाजाचे. वरच्या पट्ट्यात खोक्यावर ‘अधिक-उणे २’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ दर तीनपैकी दोन वाचनं त्या हद्दीत पडतील; तिसरं बाहेर जाऊ शकतं. पडद्यावर ९२ असेल तर खरा आकडा ८८ ते ९६ मध्ये कुठेही असू शकतो. म्हणून सकाळी ९७ आणि संध्याकाळी ९५ आला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण सोमवारी ९७, मंगळवारी ९५, बुधवारी ९३ असं उतरत चाललं असेल तर नक्की आहे. यंत्र तेच, बोट तेच, वेळ तीच ठेवली तर ही उतरंड दिसते.

कातडीच्या रंगाचाही हिशेब आहे. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा अभ्यास आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं सॅचुरेशन प्रत्यक्षात ८८ च्या खाली, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वाचनांत सापडलं, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. गडद त्वचेवर यंत्र चढा आकडा दाखवण्याकडे झुकतं. आपल्याकडे सावळ्या-काळ्या रंगाची माणसं घरोघरी आहेत, तेव्हा ९३ दिसल्यावर "त्र्याण्णव म्हणजे तसं बरंच की" असं म्हणण्याआधी हे आठवलेलं बरं.

आता मूळ मुद्दा: हे टक्के कशाचे? हिमोग्लोबिनला एसटी समजा. एका गाडीत चार सीटं, एकेका सीटवर एकेक ऑक्सिजन. गाड्या किती भरून जातायत ते ऑक्सिमीटर सांगतो. डेपोतून गाड्या सुटतायत किती, ते त्याला माहीत नसतं. हिमोग्लोबिन १५ ग्रॅम आणि सॅचुरेशन ९८ असेल तर १०० मिली रक्तात जवळपास २० मिली ऑक्सिजन मावतो. हिमोग्लोबिन ७ वर आलं की ९९ टक्के सॅचुरेशनलाही जेमतेम साडेनऊ मिली, म्हणजे निम्म्याहून कमी. जिना चढताना धाप लागते, पाय भरून येतात, छातीत धडधडतं, आणि ऑक्सिमीटर ९९ दाखवून मोकळा होतो. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना ॲनिमिया आहे. त्यांच्या थकव्यावर ऑक्सिमीटर लावून "काही नाही झालेलं" म्हणणं हा या यंत्राचा सगळ्यात वाईट वापर. तिथे सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन सांगणारी रक्ततपासणी, करायची.

त्याहून घातक फसवणूक कार्बन मोनॉक्साइडची. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट धरतो, आणि त्याने भरलेलं हिमोग्लोबिन लाल दिव्याला ऑक्सिजनने भरलेल्यासारखंच दिसतं. सीटवर भलताच प्रवासी बसलाय आणि कंडक्टर त्याचंही तिकीट मोजतोय. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू, वर झरोका नाही. किंवा थंडीत दार-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, मग शुद्ध हरपते, आणि बोटाला लावलेलं यंत्र ९८-९९ दाखवतं. अशा वेळी यंत्राकडे बघूच नका. दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि गीझरचं किंवा शेगडीचं नाव आवर्जून घ्या. ते सांगितलं तरच दवाखान्यात योग्य रक्त तपासलं जातं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास घेतो. मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला तर साधारण तास-सव्वा तास. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तातही तो थोडा असतोच, त्यामुळे त्याचं ९७ हे खऱ्या ९७ पेक्षा कमी भरतं.

सॅचुरेशन ९५ वरून ९३ वर येणं आणि ९० वरून ८८ वर येणं, दोन्हीकडे फरक दोनचाच. पण कोकणातल्या सड्यावर चालताना सपाट कातळ संपून अचानक कडा लागावा, तसा इथला प्रकार आहे. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब १०० मिमी पाऱ्याइतका असताना सॅचुरेशन साधारण ९७-९८ असतं. दाब ८० वर उतरला तरी ९५. म्हणजे फुप्फुस चांगलंच बिघडायला लागलेलं असतं आणि आकडा फक्त दोन-तीनने हललेला असतो. ६० ला ९०. तिथे सडा संपतो. ५० ला ८४ च्या आसपास, ४० ला ७५. ९० ही रेघ डॉक्टर एवढी जपतात ती याच कड्यामुळे. तापात हा आलेख आणखी सरकतो: हिमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडतं आणि त्याच दाबाला आकडा थोडा कमी दिसतो.

कडा शरीराच्या कामाचाही आहे, हेही सांगायला हवं. स्नायूंजवळ दाब ४० च्या आसपास असतो, म्हणून तिथे गाडीतले चौथा हिस्सा प्रवासी उतरतात. सगळा सडाच असता तर कुणी उतरलंच नसतं.

काही माणसांचं ९० हेच घर असतं. चुलीच्या धुरात तीस-तीस वर्षं भाकऱ्या थापलेल्या बायका, बिडी ओढणारे म्हातारे, ज्यांना सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट, दम्यासारखा आजार) आहे, त्यांच्यासाठी डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ हे लक्ष्य ठेवतात. घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) आला की मुलं काळजीपोटी काटा २ लिटरवरून ५ वर नेतात आणि ९९ बघून समाधान पावतात. या रुग्णांत जास्तीच्या ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढत जातो. फुप्फुसाच्या निकामी भागांकडे रक्त वळू न देण्याची शरीराची सोय मोडते, हे त्याचं मोठं कारण. सकाळी डोकं जड, दिवसा पेंगुळलेपण, बोलण्यात असंबद्धपणा, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणं ही त्याची लक्षणं. ऑक्सिमीटरला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. पडद्यावर ९९ आणि माणूस हाक मारूनही जागा होईना, तर तो गाढ झोपलाय असं समजू नका. किती लिटर, दिवसाला किती तास, हे औषधाच्या डोससारखं चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि ऑक्सिजन चालू असताना खोलीत निरांजन, उदबत्ती, बिडी काही नको. नळीजवळचं कापड भडकायला ठिणगी पुरते.

लेहला विमानाने उतरलेल्या आपल्या मंडळींचीही अशीच पंचाईत होते. लेह ३,५०० मीटरवर. हवेत ऑक्सिजन २१ टक्केच, पण हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश. पहिल्या दिवशी धडधाकट माणसाचं सॅचुरेशनही ८५ ते ९२ मध्ये कुठेतरी असतं आणि हळूहळू सुधारतं. तिथे पुण्या-मुंबईचं कोष्टक लावून घाबरण्यात अर्थ नाही. सोबत्यांचे आकडे बघा. सगळे ८८-९० वर असताना एकटाच ७४ वर आहे, बसल्या जागी धापतोय, खोकतोय, तर फुप्फुसात पाणी धरायला लागलंय असं समजून ऑक्सिजन लावायचा, दवाखाना गाठायचा आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरायचं. "उद्या सवय होईल" म्हणून ‘खार्दुंग ला’ या आणखी उंचावरच्या खिंडीकडे गाडी काढायची नाही.

सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) विदर्भात आणि नंदुरबारकडे बऱ्याच घरांत आहे. त्या रुग्णांचा आकडा एरवीही खालचा असू शकतो. बरं असतानाचा आकडा वहीत असेल तरच आजारपणातला आकडा समजतो.

लहान मुलांसाठी मोठ्यांची क्लिप वापरू नका. इवलंसं बोट दोन दिव्यांच्या मधे नीट बसत नाही आणि वाटेल तो आकडा येतो. बाळांना पावलाला गुंडाळायचा सेन्सर लागतो. नुकतं जन्मलेलं बाळ पहिल्या मिनिटाला ६० ते ६५ वर असतं आणि ८५ ते ९५ वर यायला दहा मिनिटं घेतं. प्रसूतीगृहात तो आकडा बघून आजीने घाबरू नये. घरातल्या तापलेल्या बाळाचं मात्र आकड्याआधी पोट बघा. पोट उडतंय, बरगड्या आत ओढल्या जातायत, नाकपुड्या फुलतायत, दूध ओढत नाही, तर यंत्र शोधत बसू नका. मनगटी घड्याळातलं सॅचुरेशन निरोगी माणसाच्या करमणुकीला ठीक आहे, आजारी माणसाला नको.

बसून ९५-९६ आहे पण खोकला-ताप आहे आणि खात्री वाटत नाही, अशा वेळी कोविडच्या काळात घरोघरी पोचलेली चालण्याची चाचणी अजूनही कामाची आहे. बोटाला क्लिप लावून घरातल्या सपाट जमिनीवर, जिन्यावर नाही, सहा मिनिटं मध्यम चालीने चालायचं. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं. आकडा ९३ च्या खाली गेला, किंवा सुरुवातीपेक्षा ३ हून जास्त अंकांनी उतरला, तर फुप्फुसाकडे शिल्लक कमी आहे. बसल्या जागीच ९४ च्या खाली असेल किंवा छातीत दुखत असेल तर ही चाचणी करायची नाही.

एरवी ठणठणीत असलेल्या मोठ्या माणसाचा, आपल्या उंचीवर, ९५ ते १०० हा आकडा ठीक. दोनदा नीट मोजून ९३-९४ आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ९२ किंवा खाली, तर फोनवर वाट बघत न बसता दवाखाना. ओठ निळसर, वाक्य एका दमात पुरं होत नाही, गोंधळल्यासारखं बोलणं, यांतलं काहीही असेल तर आकडा ९७ असला तरी १०८.

फोनवर नुसतं "ऑक्सिजन त्र्याण्णव" सांगितलं तर डॉक्टरांना चार उलट प्रश्न विचारावे लागतात. फोन लावण्याआधी पोटाची किंवा छातीची हालचाल बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट केली की चूक होते. रुग्णाला सांगून मोजू नका. सांगितलं की श्वास बदलतो. नाडी धरल्यासारखं करून मोजा. मोठ्या माणसात मिनिटाला १२ ते २० ठीक, २४ च्या पुढे काळजीचं. मग असं सांगा: "वय ६२, सीओपीडी नाही, हिमोग्लोबिन गेल्या महिन्यात साडेअकरा होतं. आत्ता चार वाजता, बसून, ऑक्सिजन न लावता, मधल्या बोटावर ९३. नाडी ११२, हाताने मोजलेलीही तेवढीच. श्वास मिनिटाला २८. परवा सकाळी ९६ होतं, काल ९४."